चार पायऱ्या आणि आत्याचा मंगळवार

माझी आत्या पडली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि ती एकटीच पहाडगंजला निघाली होती. ती एकटी होती हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचे कित्येक दिवस घरात, सोसायटीत आणि हॉस्पिटलात जो तो तेवढ्याबद्दलच बोलत होता. ती कशावरून पडली, हे कुणी विचारलं नाही. ती एकटी का होती, हे सगळ्यांनी विचारलं.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. वय चौऱ्याहत्तर. तिने लग्न केलं नाही. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात स्टेनो म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. नोकरीच्या काळात कर्मचारी संघटनेची पत्रकं तीच लिहायची, तीच स्टेन्सिलवर टाइप करायची आणि सायक्लोस्टाइल मशीनचं हँडल फिरवून तीच काढायची. आई-बाबा दोघंही नोकरीला जायचे, म्हणून मी तिच्या हाताखाली वाढले. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी चित्रं काढली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. बाकीच्या मुलांना आधी 'कमळ' वाचता येतं, मला 'महंगाई भत्ता' वाचता आला.

पत्रकाचे तिचे नियम ठरलेले होते. एक पान. एक मागणी. विशेषणं नाहीत. आणि जे सिद्ध करता येत नाही, ते लिहायचं नाही.

निवृत्तीनंतर तिने स्वतःसाठी एक वार राखून ठेवला, मंगळवार. त्या दिवशी ती आमच्या दिल्लीतल्या द्वारकेहून मेट्रोने पहाडगंजला जाते. तिथे एका कागदाच्या घाऊक दुकानामागे खोली आहे. निवृत्त शिपाई, सरकारी गाड्यांचे ड्रायव्हर, त्यांच्या विधवा बायका तिथे पेन्शनची अडलेली कामं घेऊन येतात आणि आत्या त्यांचे अर्ज लिहून देते. दुपारी कुणीतरी छोले-कुलचे आणतं. चारच्या सुमाराला ती परतीची मेट्रो धरते. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस ती बाबांची बहीण आणि माझी आत्या असते. मंगळवारी तिथे तिला सगळे 'मॅडम' म्हणतात.

आमच्या ब्लॉकच्या दारातून बाहेर पडताना चार पायऱ्या उतराव्या लागतात. पूर्वी त्या कोटा दगडाच्या होत्या, खरखरीत, आणि कडेला लोखंडी कठडा होता, गंजलेला पण पक्का. मग कमिटीने ब्यूटिफिकेशन काढलं. आरशासारखा काळा ग्रॅनाइट आला आणि जुना कठडा उखडून नेला. नवा लावणार होते, पण त्याने लुक बिघडतो असं कुणीतरी म्हणालं आणि ते तिथेच राहिलं. दोन वर्षं म्हातारी माणसं भिंतीला तळवे टेकत ते चार काळे आरसे उतरत होती.

दिवाळीतली रांगोळी हे आमच्या घराचं काम. ब्लॉकमध्ये मराठी घर आमचं एकच, त्यामुळे ते केव्हा आमच्याकडे आलं हे सांगता येणार नाही. पूर्वी आत्या काढायची, तिचे गुडघे बोलायला लागल्यापासून मी. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी ठिपक्यांची मोठी रांगोळी. पंजाबी नि बंगाली शेजारी तिचे फोटो काढतात, "आपके यहाँ की रंगोली की बात ही अलग है" म्हणतात आणि आम्ही फुगतो. कोटा दगडाच्या बारीक भोकांत रांगोळी बसायची. ग्रॅनाइटवर ती नुसती पडून राहते. त्या वर्षी काढताना मला ते हाताला कळलं होतं. रेघ धरत नव्हती, म्हणून मी ती आणखी दाट ओढली.

ती रांगोळी रविवारची. सफाईवाले सणाला गावी गेले होते. मंगळवारी सकाळी इंटरकॉम वाजला आणि गार्ड म्हणाला, "आंटीजी गिर गई हैं।"

मी खाली धावले तेव्हा आत्या दुसऱ्या पायरीवर बसलेली होती. पर्स मांडीवर, उजव्या मनगटाच्या जागी भलताच उंचवटा. मला बघून ती म्हणाली, "मेट्रो कार्ड कुठे उडालंय ते बघ आधी."

बाबांनी गाडी काढली. मागच्या सीटवर तिच्या चपला माझ्या मांडीवर होत्या. उजव्या चपलेचा तळ पांढरा होता. मी तो अंगठ्याने पुसला. तिच्या काळ्या शालीला मागून पांढरा पट्टा लागला होता, तो झटकला. तेव्हा माझ्या काही लक्षात आलं नाही, असं इथे लिहिता येईल. पण जे सिद्ध करता येत नाही, ते लिहायचं नाही.

प्लास्टर घालणारा डॉक्टर तरुण होता आणि सगळे प्रश्न मला विचारत होता. वय काय, शुगर आहे का, चक्कर येते का. शेवटी त्याने मला सुनावलं, "माताजी को अकेले क्यों निकलने दिया?"

"माताजी यहीं बैठी हैं," आत्या म्हणाली. "उनसे पूछ लीजिए।"

त्याने औषधांची चिठ्ठी माझ्याच हातात दिली.

बाहेरच्या बाकांवर पंधरा-वीस माणसं होती, बहुतेक साठीपुढची. कुणाचा हात गळ्यात अडकवलेला, कुणी व्हीलचेअरवर कमरेखाली शाल घेऊन. मला गप्प बसवत नाही. मी एकेकाला विचारत गेले. एक बाई ओल्या बाथरूममध्ये पडल्या होत्या. एक गृहस्थ बसमधून उतरत होते आणि ते पुरते उतरायच्या आधी बस सुटली होती. एक आजी फुटपाथवरच्या उघड्या खड्ड्यात. आणि प्रत्येकाने वर तेच जोडलं होतं. मेरी ही गलती थी. ध्यान नहीं रहा. उम्र हो गई. ज्याला बसने अर्ध्यावर सोडलं तोही म्हणाला की मीच जरा घाई करायला हवी होती.

मला तिथे जो राग आला तो अजून गेलेला नाही. नळाच्या पाण्याने एका गल्लीत दहा माणसं आजारी पडली की महापालिकेचा माणूस बाटली घेऊन नमुने न्यायला येतो. दहा म्हातारी माणसं पडली की कुणी येत नाही. दहा घरं गुपचूप वॉकर विकत आणतात. पडणं हा ज्याचा त्याचा खासगी मामला, खोकल्यासारखा, तोंडावर हात धरून उरकायचा.

परतताना गाडीतच बाबांनी निकाल दिला. "ताई, बस झालं आता. मंगळवार बंद. ज्यांना अर्ज हवेत ते फोनवर सांगतील, ही टाइप करेल. बिल्कुल टेन्शन नाही."

"प्लास्टर हाताला घातलंय ना रे?" आत्याने विचारलं. "मग पायांचं काय बंद करतोस?"

बाबांनी गाणी लावली.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहायला बसले. हिंदीत, कारण ते सोसायटीसाठी होतं. 'चार सीढ़ियाँ, एक भी सहारा नहीं.' चौऱ्याहत्तर वर्षांची निवृत्त कर्मचारी, चकचकीत दगडाचा सोस, बेपर्वा कमिटी, संवेदनाशून्य सेक्रेटरी. विशेषणांची मी कसर ठेवली नाही. प्लास्टरचा फोटो टाकला आणि सकाळी सोसायटीतल्या एकशेवीस दारांखाली एकेक कागद सरकवला. आत्या झोपली होती. तिला उठवून विचारावं असं मला वाटलं नाही. आपण तिच्यासाठी लढतो आहोत, मग विचारायचं काय.

पत्रक चाललं. लिफ्टमध्ये लोक थांबवून म्हणायला लागले, "बेटा, बहुत अच्छा मुद्दा उठाया." मी दोन दिवस हवेत होते. तिसऱ्या दिवशी लॉबीच्या काचेवर सेक्रेटरींची नोटीस लागली. तिच्यात माझे आभार होते. रहिवाशांच्या सूचनेवरून आणि ज्येष्ठांच्या सुरक्षेसाठी, सत्तरीच्या वरच्या कुणीही एकट्याने गेटबाहेर जाऊ नये. सोबत घरचं कुणीतरी असावं. नसेल तर गार्डने इंटरकॉमवर घरच्यांची परवानगी घ्यावी.

कठड्याबद्दल नोटिशीत अक्षर नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड फौजी काका रोज सकाळी स्वतः जाऊन पेपर आणतात. दुसऱ्या दिवशी गार्डने त्यांना गेटवर उभं केलं आणि सुनेला फोन लावला. काका फोन होईस्तोवर ताठ उभे होते, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे. मी ते बाल्कनीतून पाहिलं. माझ्या पत्रकाने एवढंच केलं होतं. पायऱ्या होत्या तशा राहिल्या होत्या आणि म्हातारी माणसं आत गेली होती.

मी आत्याच्या खोलीत गेले. ती माझंच पत्रक डाव्या हातात धरून वाचत होती. ते तिला शेजारणीने आणून दिलं होतं. वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला.

"यात रांगोळी नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं की मूळ प्रश्न ग्रॅनाइटचा आहे, कठड्याचा आहे.

"मूळ प्रश्न मी विचारला नाही. रांगोळी का नाही?"

तुला माहीत होतं का, एवढंच मी विचारलं.

"मी तिच्यावरनं घसरले, मला माहीत नसणार? बोलले नाही, कारण तू सगळी दिवाळी रडत बसली असतीस आणि तुला चहा मला करून द्यावा लागला असता. एका हाताने." तिने कागदाची घडी घातली. "आणि माझं पडणं मला न विचारता एकशेवीस दारांखाली सरकवलंस. संघटनेत असतीस तर त्याच दिवशी काढली असती तुला."

मी रडले नाही. तिला चहा करायला लावायचा नव्हता.

"तुझ्या कागदाने माझा मंगळवार गेला," ती म्हणाली. "आता कागदानेच परत आण. नीट लिही."

दुसरं पत्रक लिहायला मला पहिल्याच्या चौपट वेळ लागला. आत्या डाव्या हाताने लाल पेन धरून खोडत होती. खोडून खोडून उरलं ते असं: रांगोळी मी काढली. ती दाट होती आणि दोन दिवस झाडली गेली नाही. माझी आत्या तिच्यावरून घसरली. घसरताना तिने धरायला हात पुढे केला आणि तिथे धरायला काही नव्हतं. मागणी: पायऱ्यांना कठडा.

नोटीस मागे घ्या, हेही मला त्यात हवं होतं. आत्या नाही म्हणाली. एक पत्रक, एक मागणी. नोटिशीचं ती स्वतः बघणार होती.

बाबांनी वाचलं आणि डोक्याला हात लावला. "यार, तू स्वतःच त्यांच्या हातात देतेयस. तो सेक्रेटरी पहिली दोन वाक्यं वाचेल आणि विषय संपवेल."

बाबांचं बरोबर होतं. रविवारच्या जनरल बॉडीत, तळघरातल्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर शंभरेक माणसं बसली होती आणि सेक्रेटरींनी माझी पहिली दोन वाक्यं मोठ्याने वाचली. मग चष्मा टेबलावर ठेवला. "बिटिया ने खुद मान लिया। तो मामला यहीं ख़त्म होता है।" मागून हसणं आलं. तसे ते वाईट गृहस्थ नाहीत. लोकांच्या गळक्या पाइपांसाठी स्वतः प्लंबरच्या मागे धावतात. पण त्या क्षणी मला ते कसे दिसले हे लिहायचं तर विशेषणं लागतील.

मी उभी राहिले. मी म्हटलं, चूक माझी आहे आणि तिथे मी पुन्हा रांगोळी काढणार नाही. पण उद्या पणतीचं तेल सांडेल. परवा पोछ्याचं पाणी वाळायचं राहील. थंडीत कुणी लोकरीच्या मोज्यांवर खाली येईल.

"गलती तो होगी, अंकल," मी म्हटलं. "मेरी, आपकी, किसी की भी। रेलिंग उसी दिन के लिए होती है।"

हसणं थांबलं. पण पुढे काही झालं नाही. सेक्रेटरी पुढच्या विषयाचा कागद शोधायला लागले आणि तेवढ्यात आत्या उठली. प्लास्टरचा हात झोळीत, साडी नेसवायला आईने मदत केलेली. तिने अर्धं आयुष्य अधिकाऱ्यांसमोर वही घेऊन, ते बोलायची वाट बघत काढलं आहे. शांततेची तिला भीती वाटत नाही. तिने हिंदीत एकच विचारलं. गेल्या हिवाळ्यापासून या सोसायटीत कोण कोण पडलं? पायऱ्यांवरच असं नाही, कुठेही.

कुणी हात वर केला नाही. आत्या उभीच राहिली.

मग फौजी काकांचा हात वर गेला, परेडमध्ये जातो तसा सरळ. "बाथरूम में। जनवरी में।"

शेजारी बसलेल्या काकूंनी मान वळवली. "जनवरी में? आपने तो कहा था दरवाज़ा लगा है।"

"गिरते-गिरते दरवाज़ा ही लगा था।"

सगळा हॉल हसला, काकू सोडून. त्या हशाने काहीतरी सुटलं. एक हात वर आला, मग दुसरा. बी ब्लॉकच्या आजी गच्चीच्या जिन्यात पडल्या होत्या आणि सुनेला त्यांनी पायावर पापडाचा डबा पडला असं सांगितलं होतं. एक निवृत्त प्रोफेसर बाथरूममध्ये दोनदा. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला आणि आपल्या मुलाकडे बघून खाली घेतला. तो खाली गेलेला हात मी विसरणार नाही.

तेव्हा मला कळलं, हॉस्पिटलच्या बाकांवर सगळे आपलीच चूक का सांगत होते. पडल्याचं कबूल केलं की शिक्षा होते. चपला उचलून ठेवल्या जातात, बाजारची पिशवी काढून घेतली जाते, गेटवर फोन होतो. म्हणून माणसं लपवतात. आणि लपवलेल्या पडण्यासाठी कुणी कठडा लावत नाही. दार बंद करणारी मुलं प्रेमाने बंद करतात, हे मी नाकारत नाही. पण प्रेमाने केलेली कैद ती कैदच.

सेक्रेटरी म्हणाले की नोटीस म्हणूनच तर काढली, सर्वांच्या सुरक्षेसाठी.

"सेक्रेटरी साहब," आत्या म्हणाली, "अभी आपने सुना, ज़्यादातर लोग बाथरूम में गिरे हैं। आप हमें घर में बंद करेंगे, तो हम जाएँगे कहाँ? बाथरूम में ही न?"

पुन्हा हशा. सेक्रेटरी स्वतःही हसले. कठड्याचा ठराव झाला. नोटिशीवर 'विचार केला जाईल' असं लिहिलं गेलं. कठडा यायला होळी उजाडली आणि आला तो एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूचं भांडण अजून चालू आहे. ते मी सोडणार नाही.

पण मला सांगायचा आहे तो मीटिंगनंतरचा मंगळवार. कठडा नव्हता, नोटीस काचेवर तशीच होती, हात प्लास्टरमध्ये होता. सकाळी साडेसातला आत्याने जाड तळाचे कॅनव्हासचे बूट घातले. डाव्या हाताने नाड्या बांधता येईनात, तेव्हा तिने पाय माझ्यापुढे केला. मी बांधल्या. पायऱ्यांवर ती पाठमोरी झाली आणि शिडीवरून उतरतात तशी, भिंतीला डावा हात लावून, एकेक पायरी मागे उतरली. साडीत, बुटांत, पाठमोरी. कामाला निघालेल्या दोन मुली बघत राहिल्या. आत्याने त्यांना गुड मॉर्निंग केलं.

मी मागोमाग निघाले होते. तिने वळून नुसतं पाहिलं. मी वरच्या पायरीवर थांबले, तिथून गेट दिसतं आणि तिथलं बोलणंही ऐकू येतं.

गार्ड बिचारा ओशाळला होता. मॅडम, ऑर्डर आहे, म्हणाला. आत्या म्हणाली की फोन जरूर करा, तुमची नोकरी आहे. त्याने आमच्या घरी इंटरकॉम लावला. घरात बाबा होते. मंगळवार बंद म्हणणारे बाबा. सकाळपासून त्यांनी वर्तमानपत्राबाहेर तोंड काढलं नव्हतं आणि आत्यानेही त्यांना काही विचारलं नव्हतं. गार्ड म्हणाला, मॅडम अकेली जा रही हैं, भेज दूँ? मग तो ऐकत राहिला. त्याने रिसीव्हर ठेवला.

"साहब बोल रहे हैं, मुझसे क्यों पूछते हो," तो म्हणाला. "मैडम से पूछो।"

आत्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला वरून दिसलं नाही. तिने रजिस्टर आपल्याकडे ओढलं. नाव, फ्लॅट, वेळ, आणि नोटिशीनंतर पेनाने आखलेला नवा रकाना: 'साथ में कौन'. गार्ड लिहायला पुढे झाला, तर तिने पेन मागून घेतलं. बराच वेळ लागला. मागे स्कूटरवाला हॉर्न देत होता. मग ती ई-रिक्षात बसून मेट्रोकडे गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर मी खाली जाऊन ते पान पाहिलं. उजव्या हाताने आयुष्यभर झरझर शॉर्टहँड लिहिणाऱ्या बाईचं डाव्या हाताचं अक्षर, पहिलीतल्या मुलासारखं वेडंवाकडं, रकान्याच्या दोन्ही रेघा ओलांडून गेलेलं: अकेली.